सरदारसाठी स्थळ

सरदारने आज पुन्हा दाण्याला तोंड लावलं नाही. आप्पासाहेबांनी काचेवर बोटाने टकटक केली, चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर उतरवला आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "दोन दाणे तरी खाऊन घे. असं किती दिवस चालायचं?" सरदार टाकीच्या तळाशी एका गोट्याला टेकून तसाच पडून राहिला.

सरदार हा मासा होता. फायटर जातीचा, जांभळट निळा, आणि शेपटी अशी की जरीचा पदर पाण्यात सोडावा. इंदूरच्या तुकोगंजमधल्या त्या फ्लॅटमध्ये त्याला आप्पासाहेबांच्या पत्नीने, भानुमतीबाईंनी आणलं होतं आणि नावही त्यांनीच ठेवलं होतं. "रुबाब मोठा, काम काही नाही, आणि समोर दुसरं कोणी आलेलं खपत नाही," असं त्या आप्पासाहेबांच्या देखत म्हणायच्या. आप्पासाहेब वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारायचे, "कोण, मासा?"

भानुमतीबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. त्यांनी आपल्या हाताने खाऊ घातलेले दोनच जीव घरात उरले होते. त्यातला एक अन्न सोडून बसला होता आणि त्यामुळे दुसऱ्याच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. वर्षश्राद्धाला मुलगी विनीता पुण्याहून येणार होती. मागच्या वेळी निघताना ती दारात थांबून एवढंच म्हणाली होती, "बाबा, आईचा मासा तेवढा सांभाळा." आप्पासाहेबांनी तेव्हा छातीवर हात ठेवला होता. आता तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"एकटा पडलाय," त्यांनी निदान केलं. "सोबत पाहिजे."

दुसऱ्या कोणी हे निदान केलं असतं तर तिथेच थांबलं असतं. पण आप्पासाहेब म्हणजे इंदूरच्या मराठी मंडळींत लग्नं जमवणारे गृहस्थ. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. स्वतः आप्पासाहेब सिंचन खात्यात फायली पुढे ढकलून निवृत्त झाले. पण खरी चाकरी केली ती तिथल्या मराठी मंडळाच्या वधू-वर मेळाव्यांची. दिवाणखान्यातलं आरशाच्या पाठीचं शोकेस त्यांना मिळालेल्या शील्डांनी भरलं होतं. आपण जमवलेलं एकही लग्न मोडलं नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या चहाबरोबरच सांगत.

काय दिवस होते ते. रविवारी सकाळी याच दिवाणखान्यात सतरंजी अंथरली जायची, मुलाकडचे भिंतीला टेकून बसायचे, मुलीकडचे अवघडून, आणि आतून पोह्यांच्या बशा येत राहायच्या, वर शेव अशी की खाली पोहे आहेत हे शोधावं लागे. परदेशीपुऱ्यातल्या मिलचा भोंगा इथपर्यंत ऐकू येतो असं आप्पासाहेबांचं म्हणणं होतं, आणि तो झाला की पाहुण्यांनी उठायचं. पुढे मिल बंद पडली, भोंगा गेला, आणि पोरं आपापली लग्नं फोनवर जमवू लागली. शील्ड येणं थांबलं.

आप्पासाहेबांची पद्धत साधी होती. घराणं तोलामोलाचं, रूप तोडीस तोड, दोघं शेजारी उभी राहिली तर फोटो चांगला यावा. भानुमतीबाई स्वयंपाकघरातून कधी बाहेर यायच्या नाहीत, पण पाहुणे गेल्यावर बशा विसळता विसळता म्हणायच्या, "चार माणसांत सगळेच गोड बोलतात हो. दोघांना गप्प बसवून बघा. ज्यांना एकमेकांजवळ गप्प बसता येतं त्यांचं जमतं." आप्पासाहेब ते हसण्यावारी न्यायचे. दुसऱ्या दिवशी मंडळात मात्र तेच स्वतःचं मत म्हणून सांगायचे.

जिथे मिलच्या चाळी होत्या तिथेच आता भूषणचं माशांचं दुकान होतं. भूषणला 'नाही' म्हणायची सवय नव्हती. गिऱ्हाइकाने मगर मागितली असती तरी त्याने 'किती फुटाची' एवढंच विचारलं असतं.

"फायटरला सोबत पाहिजे," आप्पासाहेब म्हणाले.

"मिल जाएगी ना, आप्पाजी. कशी पाहिजे, बोला."

"घरंदाज. दिसायला त्याच्या तोडीची. उगाच कोणीतरी नको."

"मग हा गप्पी बघा. शेपटी बघून राहिले ना? एकदम शादीची शेरवानी."

"स्वभाव?"

"सीधा-सादा हो. दिवसभर नाचत असतो बिचारा. फक्त एक करा, घरी नेल्यावर लगेच सोडू नका. पिशवी तशीच पाण्यात तरंगत ठेवा थोडा वेळ. मग सोडा."

आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे बघण्याचा कार्यक्रम."

"हां, तेच समजा," भूषण म्हणाला.

घरी आल्यावर आप्पासाहेबांनी सदरा बदलला, कारण अशा प्रसंगी ते नेहमीच बदलायचे. मग गप्पीची पिशवी टाकीत सोडली. आणि काय सांगावं, इतके दिवस गोट्याला टेकून पडलेला सरदार सटकन वर आला. गळ्याभोवतीचे कल्ले छत्रीसारखे उघडले, शेपटी पसरली, अंगावरचा निळा रंग उजळून निघाला. पिशवीभोवती तो गोल गोल फिरू लागला. आप्पासाहेबांनी ताबडतोब पुण्याला फोन लावला.

"विनू, मुलाकडून होकार आहे. नुसता फुललाय बघ."

"बाबा, फायटर फुलतो म्हणजे तो चिडलेला असतो. मी वाचलंय. लांब शेपटीवाला मासा दिसला की त्याला वाटतं दुसरा फायटरच आला. प्लीज सोडू नका त्याला."

"तू मला शिकवू नको. राग कुठला आणि उत्साह कुठला, हे इतकी वर्षं बघत आलोय मी," असं म्हणून आप्पासाहेबांनी फोन ठेवला आणि पिशवीची गाठ सोडली.

पुढे जे झालं तसं मंडळाच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. सरदारने गप्पीला टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिटाळलं. शेरवानीचा मागचा भाग पहिल्याच फेरीत गेला. आप्पासाहेब स्वयंपाकघराकडे धावले, हाताला लागली ती चहाची गाळणी घेऊन आले, आणि सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजवून त्यांनी पाहुण्याला बाहेर काढलं. ठेवायला दुसरं काही दिसेना, म्हणून चहाच्या पातेल्यात ठेवलं.

त्यामुळे चार वाजता चहा झाला नाही. आप्पासाहेबांचा दुपारचा चहा त्यांच्या मुंजीपासून चुकला नव्हता. बराच वेळ येरझाऱ्या घालून ते समोरच्या फ्लॅटच्या दाराशी गेले. तिथे कस्तुरीबाई राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, भानुमतीबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण. वर्षभरात आप्पासाहेबांनी त्यांची बेल वाजवली नव्हती.

"भाऊजी, तुम्ही? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. चहा मिळेल का? आमचं पातेलं अडकलंय."

"अडकलंय म्हणजे?"

"त्यात पाहुणा आहे."

कस्तुरीबाईंनी जास्त विचारलं नाही. भानुमतीबाईंकडून त्यांनी या घराबद्दल बरंच ऐकलं होतं.

आप्पासाहेबांनी हार मानली नाही. एक स्थळ फिसकटलं म्हणून कोणी मुलाला घरात बसवून ठेवत नाही. चूक कुठे झाली तेही त्यांनी शोधून काढलं: गप्पी परजातीचा होता. "जातीतलीच बघू," ते भूषणला म्हणाले.

"फिमेल फायटर आहे ना. खानदानी. आवाज नाही, काही नाही."

या वेळी पिशवीच्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडून कल्ले उघडले गेले. आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्हीकडून असा होकार त्यांना स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता. तिथे भानुमतीबाई सगळा वेळ त्यांच्या बुटांकडे बघत बसल्या होत्या. त्यांनी गाठ सोडली. वधूने वराला एकवार नीट न्याहाळलं आणि त्याच्या शेपटीचा लचका तोडला. सरदारही मागे राहिला नाही. गाळणी पुन्हा धावली. वधू कुकरमध्ये गेली, झाकण न लावता. तेवढं भान आप्पासाहेबांना होतं.

"आता कुकरमध्ये कोण?" चहाचा कप पुढे करत कस्तुरीबाईंनी विचारलं.

"मुलीकडची," आप्पासाहेब म्हणाले आणि चहा बशीत ओतून प्यायले.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण श्राद्ध जवळ आलं होतं, सरदार आता वर येईनासा झाला होता, आणि घाबरलेल्या माणसाला थांबणं जमत नाही. भूषणने डोकं खाजवलं. "ऐसा है आप्पाजी, तुमचा फायटर एकाशी नाही जमवून घेत. मग पूरी फॅमिलीच न्या ना. हे टायगर बार्ब. एकत्र कुटुंब असतं यांचं. हसत-खेळत राहतात."

एकत्र कुटुंब म्हटल्यावर आप्पासाहेब विरघळले. लहानपणीचं घर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. पंक्तीवर पंक्ती उठायच्या, आणि 'मी एकटा आहे' असं म्हणायला कोणाला सवडच नसायची. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ती टोळी त्यांनी घरी आणली. सरदारने या वेळी कल्ले अर्धेच उघडले आणि मिटून घेतले. "या खेपेला विचार करून होकार देतोय," आप्पासाहेब स्वतःशी म्हणाले.

त्या कुटुंबाने हसत-खेळत, पाळीपाळीने, सरदारची उरलेली शेपटी कुरतडली. त्यांना मोदकपात्रात हलवेपर्यंत जरीच्या पदराच्या चिंध्या झाल्या होत्या. सरदार तळाला गेला आणि एका कुशीवर आडवा पडला. कल्ले हलत होते, पण नीट बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

आप्पासाहेबांनी टाकीसमोर खुर्ची ओढली आणि धपकन बसले. ओला सदरा अंगाला चिकटला होता. भानुमतीबाई दवाखान्यात होत्या तेव्हाही ते असेच पलंगाशेजारी बसायचे, आणि काय बोलावं ते न सुचून डॉक्टर, औषधं, बिछान्याची चादर, कशाबद्दलही बोलत राहायचे. शेवटी त्याच एकदा म्हणाल्या होत्या, "नुसते बसा ना जरा." त्यांना ते जमलं नव्हतं. उठून ते डॉक्टरांना शोधायला गेले होते. ते त्यांना आता आठवलं. एक मासा सांभाळायला दिला होता बाईने, आणि आपण त्याच्या घरात तीन वराती घुसवल्या.

"दोघांना गप्प बसवून बघा," असं ती म्हणायची. आता दोघंच होते. आप्पासाहेब गप्प बसले.

आयुष्यात पहिल्यांदाच असेल कदाचित, पण ते बराच वेळ काही न बोलता, काही न करता बसून राहिले. बाल्कनीतून उतरतं ऊन आत आलं आणि हळूहळू शोकेसवर चढलं. शील्डं चमकली. आणि आडवा पडलेला सरदार कसाबसा उठला. फाटकी शेपटी सावरून त्याने कल्ले उघडले, टाकीच्या मागच्या काचेवर धडक मारली, मागे सरला, पुन्हा धडक मारली.

आप्पासाहेब चकित झाले. टाकीत तर कोणी नव्हतं. ते वाकले, सरदारच्या पाठीमागून त्याच्या नजरेच्या रेषेत बघू लागले. शोकेसच्या आरशात, दोन शील्डांच्या मधोमध, दुसरा एक निळा सरदार कल्ले उघडून उभा होता. त्याच्या वर कपाळावर चष्मा चढवलेला एक टकला म्हातारा आ वासून बघत होता.

टाकी शोकेसमध्ये त्यांनी स्वतः ठेवली होती. आधी ती स्वयंपाकघरात ओट्यावर असायची. भानुमतीबाईंचे दिवस झाल्यावर, तिची आठवण अशी खरकट्या भांड्यांत बरी दिसत नाही म्हणून, आप्पासाहेबांनी सगळ्यांत मोठं शील्ड हलवून मधल्या खणात जागा केली होती. केवढा मान दिला होता. आणि तेव्हापासून, सकाळी पडदे उघडल्यापासून दिवा मालवेपर्यंत, सरदारसमोर एक पाहुणा दंड थोपटून उभा होता आणि तो जायचं नाव घेत नव्हता. सरदार एकटा पडला नव्हता. त्याला वर्षभर कोणी क्षणभर एकटं सोडलंच नव्हतं.

आप्पासाहेबांनी समोरची बेल वाजवली. "जरा हात लावता का? टाकी आत न्यायची आहे."

दोघांनी मिळून अर्धं पाणी उपसलं आणि टाकी उचलून स्वयंपाकघरात आणली. जागा शोधावी लागली नाही. खिडकीशेजारी ओट्यावर टाकीच्या बुडाएवढा पांढरा चौकोन अजून तसाच होता. कस्तुरीबाईंनी टाकी त्यावर बरोबर बसवली. सरदार एकदा गोल फिरला, त्याने खिडकीकडे बघितलं, कुकरकडे बघितलं आणि कोणी अंगावर येत नाही अशी खात्री झाल्यावर पाण्याच्या मध्यावर स्थिर झाला.

आप्पासाहेब टाकी टेकवून पुन्हा उंबऱ्याच्या अलीकडे येऊन उभे राहिले होते. डबा आणायला आणि पातेलं घ्यायला ते आत जायचे, पण थांबायचे कधी नाहीत. घरच्या पुरुषाने उंबऱ्यात उभं राहून 'झालं का' विचारायचं आणि ताट बाहेर मागवायचं, असंच ते बघत आले होते.

"बसा की," कस्तुरीबाईंनी ओट्याखालून एक स्टूल ओढलं. शेजारी दुसरं होतं, बसून बसून रंग उडालेलं, भानुमतीबाईंचं. हे मात्र कोरं करकरीत होतं, पायांना दुकानातलं प्लास्टिक तसंच.

"हे कधी घेतलं?"

"माशाबरोबर. मीच होते ना सोबत. मी म्हटलं, भानू, मासा कशाला हवाय तुला? तर म्हणाली, मासा बघायला तरी आत येऊन बसतील. आयुष्यभर गरम पोळी नाही खाल्ली हो या माणसाने, बाहेर नेईपर्यंत गार." कस्तुरीबाईंनी टाकीकडे बोट केलं. "आणि तुम्ही, भाऊजी, मासाच उचलून बाहेर नेलात."

आप्पासाहेबांनी वाकून स्टुलाच्या पायांचं प्लास्टिक काढलं. एकेक पाय सावकाश. त्याला वेळ लागला, आणि त्या वेळात कस्तुरीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी भूषणने सगळी मंडळी परत घेतली. तो 'नाही' म्हणणार नव्हताच. गप्पी मात्र कस्तुरीबाईंनी ठेवून घेतला. अर्धी शेपटी असलेला जास्त शहाणा असतो म्हणाल्या. भूषणने बदल्यात पाण्यातली एक वनस्पती दिली आणि तिच्या पानाला चिकटून मसुराएवढी एक गोगलगाय घरात आली. ना घराणं, ना रूप, ना बघण्याचा कार्यक्रम. सरदार तिच्याजवळ गेला, तिने आपलं अंग शंखात घेतलं, सरदार परत आला. आप्पासाहेबांना ते स्थळ जमल्याचं दोन दिवस कळलंही नाही.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी विनीता आली. बॅग ठेवून दिवाणखान्यात बघते तर शोकेस पूर्वीसारखं शील्डांनी भरलेलं आणि टाकीचा पत्ता नाही. तिचा चेहरा उतरला. "बाबा?" तिने हाक मारली.

"इथे आहे मी," आवाज स्वयंपाकघरातून आला, आणि विनीता दारातच थबकली, कारण त्या खोलीतून तिने आजवर वडिलांचा आवाज ऐकला नव्हता.

संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. आप्पासाहेब स्टुलावर बसले होते, ताट मांडीवर. तव्यावरची फुगलेली पोळी थेट ताटात पडली, बोटांना चटका बसला, आणि ते फुंकर मारत बसले. ओट्यावर सरदार तरंगत होता. चिंध्यांच्या कडेला पारदर्शक अशी नवी शेपटी फुटायला लागली होती.

"मग, मिळालं का सरदारला स्थळ?" विनीताने विचारलं.

"मिळालं," आप्पासाहेब म्हणाले. "वय झालंय. टक्कल आहे. दिसायला त्याच्या पासंगालाही पुरत नाही."

"आणि स्वभाव?"

आप्पासाहेबांनी सरदारकडे बघितलं. सरदारने त्यांच्याकडे बघितलं, कल्ले मिटलेले ठेवले, वर येऊन एक दाणा तोंडात घेतला आणि परत जागेवर गेला.

"बोलतो जरा जास्तच," ते म्हणाले. "पण शिकतोय."

विनीताने पुढची पोळी लाटायला घेतली. भानुमतीबाईंचं रंग उडालेलं स्टूल शेजारी रिकामं होतं. आप्पासाहेबांनी ते हळूच आपल्याजवळ ओढून घेतलं, पोळीचा तुकडा मोडला, आणि पुढे कितीतरी वेळ तिथे कोणीच काही बोललं नाही.